नावे बाजू

बावीस वर्षं तालमीची वही माझ्याकडं आहे.
लाल कापडी पुठ्ठा, आत निळी शाई.
जमेला वर्गणी. नावे बाजूला बाकी सगळं:
जाळी, चुना, बर्फाची लादी, लिंबं,
फायनलच्या आदल्या रात्री चढवलेला वीस फुटी फ्लेक्स
(अध्यक्षांचं डोकं त्यात चेंडूपेक्षा मोठं)
आणि त्याच्या खालच्या ओळीत
'दस्तगीर, किरकोळ, पंधराशे.'

दस्तगीर शिकलगार.
आठ ते साडेचार उद्यमनगरात लेथवर,
पाचला गांधी मैदानात.
उजव्या बगलेनं तो सुटला
की शाहू स्टेडियमच्या पायऱ्याच उठून उभ्या राहायच्या.
त्याला अडवायचा एकच मार्ग होता, तो सगळ्यांना ठाऊक होता:
आधी पिंढरी, मग घोटा,
पंचाची पाठ फिरली की गुडघा.
पडायचा. उठायचा.
त्याच्या उठण्यावर आम्ही टाळ्या वाजवल्या सात हंगाम,
त्या मी कुठल्याच खात्याला लावल्या नाहीत.

यंदा तो तालमीच्या माडीवर आला,
खुर्ची असून उभाच राहिला.
"वर्षाचा कागद करा. महिन्याचं ठरवून द्या.
गुडघा गेला तर दवाखाना तुमच्याकडं."
अध्यक्ष हसले, "आरं लेका,
घरच्या माणसासंगं कसला कागुद?"
"उचेला केलाय की."

उचेला केला होता, खरंय.
खोली, विमानाचं तिकीट, तीन महिन्यांचे आगाऊ,
इथं उतरायच्या आधी सगळं टाइप करून.
दस्तगीरला त्याचा राग नव्हता.
सरावानंतर बूट सोडता सोडता
उचेनंच त्याला सांगितलं होतं, मोडक्या हिंदीत,
"पहले पेपर, भाई. बाद में बूट."

मग पेठेत बोलणं सुरू झालं.
पैशाला भुलला. रंगाला विसरला.
गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस पिळून
मापावर थेंब जास्त न घालणारेही म्हणाले, भुलला.
पलीकडच्या पेठेनं दुप्पट बोली लावली,
पण आमची ना-हरकत माझ्या कपाटात,
कपाटाची किल्ली माझ्या करगोट्याला.
अंघोळीलाही मी ती काढत नाही.

सत्ताविसाव्या वर्षी माणूस
लेथवर नुकता कारागीर होतो
आणि मैदानावर म्हातारा.
हे अध्यक्षांना कळत होतं.
"अजून एक हंगाम ओढू," ते मला म्हणाले,
"मग बघू."
मोटारीच्या टायरबद्दल बोलावं तसं.

त्या रात्री मी मागची पानं उलटली.
सात हंगाम, त्याच्या नावाची बेरीज केली,
मग फ्लेक्सची केली.
दोन्ही पुन्हा तपासल्या, चष्मा पुसून.
चुकली नव्हती.

सकाळी कोर्टाच्या दारात स्टॅम्प घेतला.
टायपिस्टनं न बघताच विचारलं,
"भाडेकरार ना? जागा कुठली?"
"उजवी बगल," मी म्हणालो.
तो थांबला. मग त्यानं
नवीन कार्बन घातला.

दस्तगीरनं मशीन बंद केलं.
हात सुती चिंध्यांनी दोनदा पुसले,
तरी कागद कोपऱ्यांनाच धरला.
ओठ हलवत सगळा वाचला,
दवाखान्याची ओळ दोनदा.
"अध्यक्षांची सही?"
"करतील."
"करतील का केलीय?"
मी किल्ली चाचपली, उगीच.
"आणि तारीख राहिलीय, तात्या."
कागद त्यानं माझ्या खिशात ठेवला, वाकू नये असा,
चष्मा लावला, मशीन चालू केलं.
लोखंडाची कुरळी साल
माझ्या चपलेपाशी पडत राहिली, गरम.

पाचशेचा तो स्टॅम्प
अजून वहीत मांडलेला नाही.